टेबलाच्या जागी बाक

"चला ना आत, आई. नुसतं बघायचे थोडेच कुणी पैसे मागतंय," असं म्हणत सुनेने सासूचा दंड धरला आणि तिला हॉटेलच्या काचेच्या दारातून आत नेलं.

इस्त्रीवाल्या म्हातारीला तेव्हाच खटकलं. एरवी दुकानाच्या पायरीपर्यंतही सोबत न येणाऱ्या सुनेला आज सासूला फिरवून आणायची उबळ आली होती. त्यात सकाळपासून गोड गोड बोलणं.

"पडदे बघ," म्हातारी म्हणाली. "एवढं थोरलं हॉटेल, आणि इस्त्रीचा पत्ता नाही. झोपेतून उठल्यासारखे लोंबतायत."

"पडदे राहू द्या. चित्रं बघा."

भिंतभर चित्रं लावली होती. पहिल्यात हॉटेलामागची त्यांचीच गल्ली होती. वाकलेला विजेचा खांब तिने लगेच ओळखला. दुसऱ्यात दवाखान्याचा जिना. म्हातारी मनातून फुलली. जिन्याला लागून आपलं दुकान, वर आपलं घर. ती लगबगीने पुढच्या चित्रापाशी गेली.

तिथे नुसती हिरवळ होती. इस्त्रीच्या टेबलाच्या जागी एक बाक, आणि बाकावर मांडीत कुत्रं घेऊन बसलेली बाई.

"माझं घर कुठाय गं?"

काउंटरवरचा माणूस हसत पुढे आला. "हॉटेल वाढतंय ना, आजी. मागे अशी बाग होणार. छान आहे की नाही?"

"ती बाई माझ्या टेबलावर बसलीय."

माणसाला काही कळलं नाही. तो हसतच परत गेला.

मग तिला चित्रातल्या बागेच्या फाटकाशी उभा केलेला रखवालदार दिसला. कोरा गणवेश, हातात किल्ल्या, आणि डावा खांदा उतरलेला. घरोघर कपड्यांची गाठोडी पोचवून पोचवून उतरलेला तो खांदा तिच्या मुलाचा होता.

तिच्या जिभेला घरातले सगळे टरकून असत. वाईट बातमी तिला तोंडाने सांगायची कुणाची छाती होत नसे. नवरा गेला तेव्हाही कुणी बोललं नव्हतं; हाताला धरून नेलं होतं आणि खाटेसमोर उभं केलं होतं. त्यानंतर घर तिनेच मुलाच्या नावावर करून टाकलं होतं.

"सही झाली?"

सुनेने मान डोलावली. "कायमची नोकरी देतायत त्यांना. राहायला खोलीपण."

"खोली किती जणांची?"

सुनेने हळूच दोन बोटं दाखवली.

म्हातारी समोरच्या सोफ्यावर जाऊन बसली. पाठ ताठ. "बोलाव त्याला. तोंडाने सांगू दे. तोवर मी हलत नाही इथनं."

"बाहेरच उभे आहेत ते," सून पुटपुटली.

काचेपलीकडे फुटपाथवर तो खरंच उभा होता. दारवानाने त्याच्यासाठी दार उघडून धरलं होतं, तरी त्याचं पाऊल उचलत नव्हतं. तेवढ्यात आतले दिवे लागले, एकेका चित्रावर एकेक. म्हातारीने त्याच्यावरची नजर न काढता सोफ्यावर जरा सरकून शेजारी जागा केली.