सकाळची गोळी

"मॅडम, बारा जणांशी गप्पा मारल्या तर त्याला काय अभ्यास म्हणायचं?"

बाकावरच्या मैत्रिणीनं, हर्षितानं, पैज लावली होती, म्हणून अक्षरानं भर वर्गात विचारून टाकलं. पाहुण्या म्हणून आलेल्या स्मिता मॅडम लोकांच्या आजारपणाचा अभ्यास करायच्या. शेकडो फॉर्म भरून घेऊन नव्हे, दहा-बारा माणसांचं नीट ऐकून. त्या हसल्या.

"करून बघ. रोज औषध घेणाऱ्या कुणाची तरी परवानगी घे, कालचा दिवस सांगायला सांग आणि मग गप्प बस. जमेल?"

"अक्षरा आणि गप्प!" हर्षिता खिदळली. सगळा वर्ग खो खो हसला.

झालं! संध्याकाळी अक्षरा वही घेऊन कस्तुराआत्यापुढं हजर. आत्या येलहंकाच्या बाजारात फुलं विकायची. बीपी काही केल्या उतरत नव्हतं. डॉक्टरांनी दोनदा गोळी वाढवली होती.

"विचारू ना, आत्या?"

"विचार की, मोठी पाहुणी लागून गेलीस!"

"गोळी रोज घेतेस?"

"घेते की गं."

फॉर्म असता तर इथंच बरोबरची खूण पडली असती.

"बरं, कालचा दिवस सांग. उठल्यापासनं."

"चारला उठले. फुलं आणली. ओवत बसले..." आत्या थांबली.

अक्षराच्या जिभेवर दहा प्रश्न नाचायला लागले. तिनं पेनचं टोपण चावलं, पाय हलवला, मांडीला चिमटा काढला. आता बोलू? नको. आता? नको!

"गोळी नाही घेतली," आत्या पुटपुटली. "ती घेतली की तासातासाला जावं लागतं. बाजारात बाईमाणसानं जायचं कुठं? सुट्टीदिवशी घेते, तेवढीच."

"अगं, मग डॉक्टरांना..."

"त्या पुरुषमाणसाला हे सांगू? आणि तुझ्या अप्पाला बोललीस तर बघ! उद्यापासनं बाजार बंद करायला लावेल."

अक्षराचा पाय घरात ठरेना. सांगावं तर आत्याचा विश्वास मोडतो. न सांगावं तर शनिवारच्या तपासणीत डॉक्टर तिसऱ्यांदा गोळी वाढवणार. चार चकरा मारून ती पुन्हा आत्यापाशी आली.

"मी सोबत येते. बोलायचं तू. अडलीस तर माझा हात दाब, मग मी बोलेन."

आत्या कितीतरी वेळ सुईत दोरा ओवत राहिली. अक्षरानं टोपण चावलं नाही.

"सरी, जाऊ या," आत्या म्हणाली. "पण घरी दवाखान्यात जातोय एवढंच सांगायचं."

जेवताना अक्षरानं ताट पुढं सारलं. "अप्पा, अम्मा, शनिवारची क्लासची टेस्ट मी बुडवणार. आत्याबरोबर दवाखान्यात जाणार."

अप्पांचा घास हातातच राहिला. "का? काय झालं तिला?"

"ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. मला एवढंच सांगायची परवानगी आहे. पण जाणार म्हणजे जाणार!"