टाके घातलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची खुर्ची आहे. कधीकाळी पांढरी होते, आता माझा रंग विचारू नका. कारखान्यात साच्यातून आम्ही मिनिटाला एक अशा बाहेर पडलो, सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. "ह्यात कसली आलीये कला?" म्हणून नाक मुरडू नका हं! माझा साचा करणाऱ्या मिस्त्रींनी पाठ नीट टेकते की नाही, हे स्वतः शंभरदा बसून पाहिलं होतं. त्यांचं नाव माझ्यावर कुठेच नाही. पण टेकून बसलात की त्यांचं काम कळतं.

मला घेतलं शिवणकाम करणाऱ्या मावशींनी. अकरा वर्षं त्या माझ्यावर बसून मशीन चालवत होत्या. एकदा माझी बैठक मधोमध चिरली. दुसऱ्या कुणी मला भंगारात दिलं असतं. मावशींनी दाभण तापवलं, चिरेच्या दोन्ही कडांना भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेनं मला चक्क शिवलं! टाके इतके सारखे, की गिऱ्हाइकं आपले कपडे विसरून मलाच बघत बसायची.

त्या टाक्यांची कीर्ती कलासंग्रहालयाच्या बाईंच्या कानावर गेली. त्यांना रोजच्या वापरातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं होतं.

"दोन महिन्यांसाठी द्याल का हो, मावशी?"

"न्या की! पण सांभाळून परत आणा. माझी बसायची पंचाईत होते."

तिथला माझा थाट काय सांगू! उंच चौथरा, डोक्यावर दिवा, समोर पाटी. पाटीवर बाईंनी लिहिलं होतं, 'हजारोंतली एक, तरी हिच्यासारखी दुसरी नाही. कृपया हात लावू नये.' वाचून मी अगदी हरखून गेले.

पण माझ्या शेजारी राखणदार काका असायचे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, उभेच. ड्युटीवर बसायचं नाही, असा नियम. त्यांचा उजवा गुडघा टम्म सुजलेला. नोकरी जाईल या धास्तीनं बिचारे तोंडातून ब्र काढत नव्हते. दुपारनंतर ते भिंतीला हात लावून उभे राहायचे, आणि मी आपली दिव्याखाली रिकामी! मला माझीच लाज वाटायची.

एका रविवारी मावशी मला बघायला आल्या. पाटी वाचून खूश झाल्या. मग त्यांची नजर काकांच्या गुडघ्याकडे गेली.

"भाऊ, फार दुखतंय का?"

"चालायचंच, ताई."

मावशींनी पदर खोचला, मला उचललं आणि खाली ठेवलं. "बसा."

"अहो, नोकरी जाईल माझी!"

बाई धावत आल्या. "मावशी, काय करताय? ती प्रदर्शनातली वस्तू आहे!"

"असू दे की. माणूस असा अवघडून उभा आणि माझी खुर्ची रिकामी? मला नाही बाई बघवत."

बाईंनी काकांच्या पायाकडे पाहिलं. महिनाभर रोज त्यांच्यासमोरून जात होत्या, पण पाहिलं तेव्हाच. त्या हळूच म्हणाल्या, "बसा, काका. वरच्या साहेबांशी मी बोलते."

काका बसले. "आई गं!" म्हणून त्यांनी असा श्वास सोडला, की तेवढ्यासाठी मी आणखी अकरा वर्षं झिजेन.

उरलेले दिवस चौथरा मोकळाच होता. लोक काकांना विचारत, "इथली वस्तू कुठंय?" आणि काका ओशाळून उठायला लागले, की बाई म्हणत, "बसा हो. बसल्यावरच ती नीट दिसते."

मित्रांनो, आम्हाला जपा, मोडलो तर जोडा. पण आम्हाला पुसून ठेवण्याआधी एवढं करा, जवळ कुणी उभं आहे का, ते बघा.