सिमेंटातली ओल

"तुम्हीच सांगा आता आईंना, मिस्त्री," मी-रान म्हणाली. "चाळीसवर नेलं होतं त्यांनी जमिनीखालच्या गरमीचं बटण! ओकच्या नव्याकोऱ्या फळ्या, महिनासुद्धा झाला नाही."

गिल-सू दारात बूट काढत होता. त्यानेच हॉलच्या जमिनीवर घातलेल्या फळ्यांच्या कडा वर आलेल्या त्याला तिथूनच दिसल्या.

मी-रानची सासू, बोंग-सून आजी, बाहेरचा जाड कोट घालून सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"एकदाच केलं गं मी," ती पुटपुटली. "गुडघे ठणकत होते. लाकूड इतकं नाजूक असतं, मला काय ठाऊक?"

"किती वेळा सांगितलं होतं, सत्तावीसच्या वर न्यायचं नाही म्हणून! आता नऊ दिवस बंदच ठेवलंय सगळं."

बाहेर उणे अकरा होतं. घरातही श्वासाची वाफ दिसत होती.

गिल-सू गुडघ्यांवर बसला. बसमध्ये वाटभर तो एकच गोष्ट मनात घोकत आला होता: फटी असू देत. फार तापलं तर लाकूड आकसतं, फटी पडतात. मग दोष घरच्यांचा. त्याने सांध्यावरून नख फिरवलं. फट नव्हती. फळ्या फुगून एकमेकींना रेटत होत्या. खालून पाणी प्यायल्या होत्या.

गरम पाण्याच्या नळ्यांवरचं सिमेंट त्याने स्वतः मोजलं होतं. ओल साडेचार टक्क्यांच्या खाली हवी. यंत्राने सहा दाखवली. "शनिवारी लोक राहायला येतायत, घालून टाक," कंत्राटदार म्हणाला. आणि सव्वीस वर्षं हेच काम केलेल्या गिल-सूने यंत्र खिशात टाकून पहिली फळी चिकटवली होती.

"जास्त गरमीनंच झालं ना?" मी-रानने विचारलं. "कंत्राटदारही तेच म्हणाले. ह्यांचं म्हणणं, हिवाळ्यापुरतं आईंना नणंदेकडे बुसानला पाठवू."

नुसतं 'हो' म्हटलं की झालं असतं. गिल-सू एकसष्ट वर्षांचा होता. त्या कंत्राटदाराशिवाय त्याला आता बोलावणारं कोणी उरलं नव्हतं.

"पाणी मिळेल?" त्याने विचारलं.

आजीच उठली. वर आलेल्या कडा चुकवत, कोट सावरत, चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेली. स्वतःच्या घरात चोरासारखी. तशीच चालत जवाचा गरम चहा घेऊन आली.

"गरमीनं नाही झालं," गिल-सू म्हणाला.

"मग?"

"खालचं सिमेंट ओलं होतं. मी मोजलं होतं. माहीत होतं मला."

"माहीत होतं?" मी-रानचा आवाज एकदम खाली आला. "आणि तरी फळ्या घातल्यात?"

"घातल्या."

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार जोरात लागलं.

"म्हणजे मी नाही केलं?" आजीने हळूच विचारलं.

"नाही, आजी."

आजीचा आवाज चढला. "अरे मेल्या! मग नऊ दिवस मी कुडकुडत बसले ते कशापायी? आं?"

गिल-सूने मान खाली घातली. चहा मात्र त्याने संपवला.

संध्याकाळी कंत्राटदाराचा फोन आला. पुढच्या दोन इमारतींचं काम दुसऱ्याला दिल्याचं त्याने तेवढं सांगितलं.

हॉलच्या फळ्या गिल-सूने एकट्यानेच उखडल्या. तीन दिवस लागले. मग सिमेंट सुकवायला नळ्यांतल्या पाण्याची गरमी रोज थोडीथोडी वाढवत पूर्ण चढवली. मी-रान दार उघडायची आणि लगेच आत निघून जायची.

आठव्या दिवशी तो जुना गोंद तासायला आला. हॉलच्या मधोमध, उघड्या राखाडी सिमेंटावर पातळ दुलई टाकून आजी झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, पाय दुलईबाहेर पसरलेले.

तासणीचा आवाज फार होतो. त्याने ती पिशवीत परत ठेवली आणि भिंतीला टेकून तिच्यापासून जरा लांब खाली बसला. सिमेंट चांगलंच तापलं होतं.