सुरुवातीचा म्हातारा

विराज सुट्टीवर आला तेव्हा भाई त्याला म्हणाले, "इलंस? पाय धू." आणि पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

विराज माझा थोरला भाऊ, भाई आणि माई आमचे वडील आणि आई. सैन्यात आहे, वर बर्फात. तिथून फोन लागत नाही, आणि लागलाच तर "हॅलो, ऐकाक येता?" एवढ्यातच संपतो. वर्षभराने असा माणूस घरी आला की बाकीच्या गावांत काय होतं ते आपण मोबाईलवर बघतो. ढोल, फुलं, गाडीवर उभं करून मिरवणूक. आमच्याकडे माई ओवाळायला ताम्हण घेऊन दारात आली, तर भाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, देवघरात ठेवलं आणि दाराला कडी घातली. जेवायला दुधीची भाजी होती.

कुणकेश्वरात, समुद्र घरात ऐकू येत असताना, दुधी. दुसऱ्या दिवशीही दुधी. तिसऱ्या दिवशी विराजने विचारलं की दर्या आटला की काय. माईने त्याच्याकडे न बघता आणखी एक डाव वाढला आणि आत जाऊन डोळे पुसले. कांदा चिरत नव्हती, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

याचं कारण कोरियन सिनेमे.

भाई ओरोसच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. आयुष्यात त्यांनी हातात धरलेलं सगळ्यात घातक शस्त्र म्हणजे स्टेपलर. विराज वर गेला आणि त्यांनी युद्धाचे सिनेमे बघायला सुरुवात केली. आधी आपले बघितले. त्यांचा विश्वास बसेना. एक माणूस छाती काढून उभा राहतो, भाषण करतो, शंभर जण त्याच्यावर गोळ्या झाडतात, त्या सगळ्या जातात कुठे, असं ते मलाच विचारायचे, जणू गोळ्या मी लपवल्यात. मग एके दिवशी टीव्हीने आपल्याच अकलेने त्यांच्यासमोर एक कोरियन सिनेमा लावला, हिंदीत डब केलेला, आणि भाई तिथेच मुक्कामाला राहिले.

कोरियन सिनेमात सगळ्यांना नेम धरता येतो. चिखल खरा असतो. सैनिक म्हणजे हेल्मेट डोळ्यांवर घसरलेली पोरं, गोळी लागली की घोषणा देत नाहीत, आईला हाक मारतात. समोरचा शत्रूही तीच भाषा बोलतो, तसाच भात खातो, आणि कधीकधी सख्खा भाऊ निघतो. हा शेवटचा मुद्दा भाईंना फार पटला. हद्दीच्या गडग्यातले दगड कोणी हलवले यावरून त्यांचं स्वतःच्या सख्ख्या भावाशी बोलणं नाही.

असे पुष्कळ सिनेमे बघितल्यावर भाईंना एक कायदा सापडला. ज्याने आईच्या हातचं जेवण आठवलं, तो गेला. ज्याने खिशातून घरच्यांचा फोटो काढला, तो गेला. "हे संपलं की लग्न करणार" म्हणणारा तर पुढचं पाणी प्यायलाही उरत नाही. भाई खुर्चीतून बोट दाखवून म्हणायचे, "हो गेलो," आणि तो जायचाच. सबंध नोकरीत त्यांचा एकही अंदाज खरा ठरला नव्हता. त्यामुळे हे यश सरळ त्यांच्या डोक्यात गेलं.

विराज येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला आणि माईला समोर बसवून सांगितलं की या सुट्टीत विराजशी कोणी गोड बोलायचं नाही. आवडीचं रांधायचं नाही, फोटो द्यायचा नाही, पुढच्या वर्षीचं काही बोलायचं नाही. घरी ज्याला कोणी विचारत नाही, असा सैनिक मरताना त्यांनी अजून बघितला नव्हता. आणि हे विराजला कळता कामा नये. आपल्याला कोणीतरी वाचवतंय हे ज्याला कळतं, तोही जातो. मग आम्हाला देवाची शपथ घातली.

मला वेगळी तयारी लागली नाही. मी देवगडला मोबाईल दुरुस्त करतो आणि विराजशी लहानपणापासून असाच वागतो. (भाईंच्या मते मोबाईल दुरुस्ती हे काम नाही, तो एक आजार आहे.) माईचे मात्र हाल झाले. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं करायचं ठरवून ती वर्षभर बसली होती.

चौथ्या दिवशी विराज बॅग भरायला लागला आणि त्याने भिंतीवरच्या फ्रेममधून भाई-माईंचा फोटो काढला. आजवर न्यायचा राहून गेला होता, म्हणाला. भाईंनी तो त्याच्या हातातून हिसकावला. विराज बघतच राहिला. बर्फात त्याच्यावर कोणी काय काय झाडलं असेल कोण जाणे, पण असा चेहरा मी त्याचा पहिल्यांदा बघितला.

तरीही त्याने विषय काढला. गौरजाचा.

गौरजा देवगडला शाळेत शिकवते. तिचं आणि विराजचं कॉलेजपासून ठरलेलं. तिच्या घरून होकार होता, फक्त भाईंनी जाऊन रीतसर बोलायचं बाकी होतं. पण तिचे वडील आणखी एक वर्ष थांबायला तयार नव्हते. बांद्याचा एक टाइल्सवाला निलेश वाट बघत होता, त्याचं दुकान हायवेला लागून.

"भाई, परवा मी जातंय," विराज म्हणाला. "त्याच्याआधी गौरजाच्या घरी जावन येवया."

"नाय."

"कित्याक?"

"टाइल्सवालो बरो आसा," भाई म्हणाले. "टाइल्सवाल्याक काय होणा नाय."

विराजने हातातली बॅग खाली ठेवली आणि सांगितलं की ठीक आहे, पुढची सुट्टी मिळाली की मी या घरात येणार नाही, दुसरीकडे कुठे जाईन, जिथे निदान पाणी विचारतात. भाई म्हणाले, जा. माई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. ती भांडी धुतलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गौरजा आली. आमच्याकडे सगळे मालवणीत बोलतात, पण गौरजा चिडली की शुद्ध पुस्तकी मराठीत जाते. हाताची घडी घालून दारातूनच म्हणाली, "काका, मला आपल्याशी स्पष्ट बोलायचं आहे." मी ताबडतोब भिंतीला पाठ लावली.

भाई सिनेमा बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. पडद्यावर खंदकात दोन पोरं बटाटे सोलत होती. एक म्हणाला की युद्ध संपलं की आईला पक्कं घर बांधून देणार.

"हो गेलो," भाई सवयीने म्हणाले.

तो गेला. दुसऱ्याने रडत रडत खिशातून फोटो काढला.

"ह्योव."

तोही गेला. भाईंनी मान हलवली, बेरीज जुळल्यासारखी.

विराज आतल्या दारात उभा होता. त्याने पडद्याकडे बघितलं, भाईंकडे बघितलं, मग भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमकडे.

"दुधी," तो म्हणाला. "म्हणान दुधी?"

शपथ फक्त न सांगण्याची होती, ओळखलं तर काय करायचं ते ठरलं नव्हतं. मग माईच आतून ओरडली की होय, म्हणून दुधी, आणि ह्यांच्या कोरियाला आग लागो.

मला वाटलं विराज हसेल. त्याने भाईंच्या हातातला रिमोट घेतला आणि सिनेमा मागे नेला.

"भाई, आमच्याकडे फोटो सगळ्यांच्याच खिशात आसतत. जो परत येता तेच्याय आसता. पिक्चरवालो मरणाऱ्याचोच खिसो उघडून दाखयता." त्याने चित्र थांबवलं आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आता हय बघा. ह्यो पडलो. ह्यो पडलो. ह्यांका आवस-बापूस नाय, फोटो नाय, बोलाक एक शब्द नाय. तरी पडलेच मा? कॅमेरो पण वळलो नाय ह्यांच्याकडे. तुम्ही माका वाचवलास नाय. तुम्ही माका ह्यांच्यात नेवन उभो केलास."

भाई त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. इतक्या सिनेमांत त्यांनी तो कोपरा कधी बघितला नसावा. मीही नाही. तिथे चिखलात कोणीतरी पालथं पडलं होतं, नुसती पाठ दिसत होती.

"बरा," भाई शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, म्हणून त्यांनी तो लगेच चढवला. "मगे काय करूचा? तूच सांग. फोटो दिलो तरी मरतलो, नाय दिलो तरी मरतलो. काय करूचा बापाशीन?"

विराजने रिमोट परत भाईंच्या हातात दिला.

"एक विचारू?" गौरजा म्हणाली. हाताची घडी तशीच. "सिनेमाच्या सुरुवातीला एक म्हातारा दाखवतात. काठी टेकत स्मारकापाशी येतो, डोळे भरून येतात, आणि मग सगळी गोष्ट मागे जाते. तो म्हातारा गोष्टीत कधी मरतो का?"

एकदा साहेबाची सही झालेली फाईल परत नामंजूर होत नाही, हे ज्याला आयुष्यभराच्या नोकरीने शिकवलंय, त्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल, ते भाईंच्या चेहऱ्यावर उमटलं.

"नाय," ते म्हणाले. "तो मरूकच शकणा नाय. तो आधीच म्हातारो झालेलो आसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळाखालच्या किनाऱ्यावर सुरुवातीचा सीन घेतला. म्हातारा विराज.

दाढी महादूची. महादू दिवसा काजूची बाग बघतो आणि रात्री दशावतारी नाटकात ऋषी होतो. दाढी देताना त्याने मला बजावलं की रात्री बांद्याला प्रयोग आहे, सूर्य बुडायच्या आत दाढी परत आली नाही तर शाप देईन, आणि माझे शाप लागतात. भाईंचा स्वेटर, भाईंची माकडटोपी, माईची पावडर भुवयांना आणि गालांना. स्मारक म्हणून एक उपडी घातलेली होडी. कॅमेरामन मी.

भाईंनी दिग्दर्शन केलं, म्हणजे सगळ्यांना शिव्या दिल्या. विराज ताठ चालतो, म्हातारे काय परेड करतात? मी मोबाईल वाकडा धरतो. समुद्र फार आवाज करतो. पर्यटक फोटो काढायला लागले तेव्हा भाईंनी त्यांना सांगितलं की हे माझे वडील आहेत, यांना त्रास देऊ नका.

पण विराजला रडू येईना. होडीकडे बघून कोणाला येणार? तो म्हणाला, निदान बघायला काहीतरी द्या.

भाईंनी शर्टाच्या वरच्या खिशातून फोटो काढला. हिसकावल्यापासून तो तिथेच होता, त्यांच्या स्वतःच्या छातीवर. त्यांच्या कायद्याप्रमाणे याचा काय अर्थ होतो, ते मी मोठ्याने बोललो नाही.

"धर," ते म्हणाले. "आता चलता. ह्या सीनात आमी मेलेले आसंव. तू न्हय."

"मी पण मेलंय?" माईने विचारलं.

"तू पण."

"मगे फोटोत बरी साडी तरी नेसले असते," माई म्हणाली.

विराजने फोटो दोन्ही हातांत धरला. दाढी हलायला लागली. पावडर ओली झाली आणि गालावर रेघ उठली. भाई माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये बघत होते. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. बराच वेळ त्यांनी कोणाला शिवी दिली नाही, त्यामुळे मला भीती वाटायला लागली.

"एकटो दिसता," ते म्हणाले. आणि मग गौरजावर खेकसले, "गो, तू थय कित्याक उभी? सीनात जा. केसांका पावडर लाव आधी."

गौरजा जागची हलली नाही. "काका, म्हणजे नेमकं काय? मला स्पष्ट सांगा."

"आता म्हातारेपणी तेका एकटो सोडतलंस काय? येवढी वर्सा संसार केलंस तो काय टाइल्सवाल्याच्या जिवार?"

माईने अख्खा डबा गौरजाच्या डोक्यावर उपडा केला.

सीन झाल्यावर भाई म्हणाले, आत्ताच जायचं, कपडे बदलायला वेळ नाही, मुहूर्त निघून जातो. कसला मुहूर्त, ते विचारायची कोणाची टाप नव्हती. गौरजाच्या वडिलांनी दार उघडलं तर समोर त्यांची ऐंशी वर्षांची मुलगी उभी, शेजारी एक दाढीवाला काठी घेऊन. ते दोन पावलं मागे सरले. ते काही बोलायच्या आत भाई पुढे झाले.

"बघून घेवा," भाई म्हणाले. "टिकला लगीन."

ते बराच वेळ भांडले, मग चहा झाला. टाइल्सवाल्याला कळवायचं काम माझ्यावर आलं. तो मला जे बोलला ते इथे लिहीत नाही.

दुपारी जेवायला तिसऱ्यांचं सुकं होतं. संध्याकाळी कणकवली स्टेशनवर भाई विराजला म्हणाले, "जा आता," आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवली. मी मात्र बघितलं होतं. निघताना सगळे गौरजाच्या केसांतली पावडर झटकण्यात गुंतलेले असताना भाई विराजच्या बॅगेशी उकिडवे बसले होते, आणि चेन लावताना एक पांढरी बट चेनीत अडकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच महादूचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. बांद्याला त्याचा ऋषी दाढीशिवाय रंगमंचावर आला होता, आणि ज्याला शाप द्यायचा तो राजाच हसायला लागला. महादू भाईंच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. भाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये पेपरचं पान उलटलं.

"मेळतली रे तुझी दाढी," ते म्हणाले. "विराजाकडे आसा. म्हातारो झालो की तोच हाडून देतलो."

"आणि तवसर माझो ऋषी काय गुळगुळीत फिरतलो?"

"फिरांदे," भाई म्हणाले, आणि फोन ठेवला.