नांगरलेल्या जहाजावरचा डाव

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. पुठ्ठ्याच्या पेटीत राहतो. पेटीचा एक कोपरा चिकटपट्टीने बांधलेला आहे आणि माझी बरीचशी पाने खाऱ्या पाण्याने फुगून वाकडी झाली आहेत. दुकानातल्या नव्या खेळांशेजारी मला ठेवले तर कोणी हातही लावणार नाही. तरी माझी हकिगत ऐका. ती माझ्यापेक्षा एका माणसाची जास्त आहे.

आधी मी कसा खेळ आहे ते सांगतो. माझ्या पटावर सात दऱ्या आहेत आणि शेवटी एक शिखर. शिखरावरचा दिवा घ्यायचा आणि धुक्याने गाठण्याआधी पायथ्याच्या गावात परतायचे, एवढेच काम. सुरुवातीला प्रत्येकाला दहा पाने मिळतात आणि ती सगळी कुचकामी असतात: पाच थकलेली पावले, बाकीची ओली काडी आणि फाटकी पिशवी. दर खेपेला त्यांतली पाच हातात येतात. त्यांच्या जोरावर वाटेत चांगली पाने मिळवायची: दोरखंड, खेचर, वाट जाणणारी म्हातारी. ती आपल्याच गठ्ठ्यात मिसळायची, गठ्ठा पिसायचा आणि पुन्हा पाच उचलायची. शेकोटीच्या घरात पोचलात की एखादे कुचकामी पान कायमचे डावाबाहेर टाकता येते. असा ज्याचा त्याचा गठ्ठा हळूहळू घडत जातो.

एका मोठ्या छापखान्यात माझ्यासारखे हजारो खेळ एकाच दिवशी जन्मले. मी सिंगापूरच्या एका दुकानात पोचलो. तिथे वेन्सेस पाल्मारेस नावाच्या माणसाने मला उचलले. तो फिलिपिन्सचा, गिमारास बेटावरचा. एका मालवाहू जहाजावर चीफ मेट, म्हणजे कप्तानाखालचा अधिकारी. घरी त्याची मुलगी रोवेना बारा वर्षांची होणार होती आणि मी तिच्या वाढदिवसाची भेट होतो. त्याने मला वरचा प्लास्टिकचा कागदही न काढता आपल्या बिछान्याखालच्या खणात ठेवले. पाच आठवड्यांत घरी पोचणार, असे तो तिला फोनवर म्हणाला.

ते पाच आठवडे कधी संपलेच नाहीत. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगरलेले असताना मालक कंपनी बुडाली आणि मालक नाहीसा झाला. खलाशी एकेक करून घरी गेले. कप्तानही आजारी पडून घरी गेला. जहाज विकले जाईपर्यंत त्यावर कोणीतरी जबाबदार माणूस राहिलाच पाहिजे, असा त्या देशाचा कायदा. वेन्सेसने कागदावर सही केली. दोन महिन्यांचे काम आहे, असे त्याला वाटले होते. त्याच्यासोबत दोघे उरले: म्हातारा आचारी हेर्नानी, ज्याला सगळे मानोंग म्हणजे थोरला भाऊ म्हणत, आणि इंजिनाला तेलपाणी करणारा होविटो.

चौथ्या महिन्यात होविटोला मी सापडलो.

"चीफ, खणात खेळ लपवून ठेवलाय आणि आम्ही इथं माश्या मारतोय?"

"तो माझ्या मुलीचा आहे."

"मुलीचाच राहील की. आम्ही काय खाणार आहोत त्याला?"

"उघडलेली भेट कोण देतं रे?"

मानोंग भात ढवळता ढवळता म्हणाला, "चीफ, ती पोर त्या खेळासाठी थांबलेली नाही. तुमच्यासाठी थांबलीय. उघडा."

आणि वेन्सेसने कागद फाडला. मित्रांनो, कोणत्याही खेळाला तो आवाज आवडतो. मलाही आवडला.

पुढचे महिने माझ्या भरभराटीचे होते. रोज जेवणानंतर तिघे बसत. होविटो धाडसी, दोरखंड नसतानाच दरीत उतरायचा आणि तिथेच अडकायचा. मानोंग उलट. तो एकही पान टाकायला तयार नसे. "फाटकी पिशवी का होईना, पिशवी आहे," असे म्हणून सगळे जपून ठेवायचा आणि धुक्यात सापडायचा. "मानोंग, तुमचा गठ्ठा म्हणजे तुमचं कोठार," होविटो चिडवायचा, "शोधायला गेलं की मीठ सोडून सगळं मिळतं." मी त्या खोलीत तीन माणसांचे हसणे ऐकले आहे.

मग होविटोची बायको बाळंत झाली आणि त्याला जायची परवानगी मिळाली. दोन महिन्यांनी मानोंगच्या छातीत दुखू लागले. बोटीतून नेताना त्याने वेन्सेसचा हात धरला आणि म्हणाला, "तांदूळ डाव्या कपाटात आहे. उंदरांवर लक्ष ठेवा." त्या जहाजावर तो परत आला नाही.

दोन हजार टनांच्या लोखंडावर एकटा वेन्सेस उरला. इंजिनासाठी डिझेल नव्हते, त्यामुळे दिवे नाहीत, पंखे नाहीत. दर बुधवारी किनाऱ्यावरून एक बोट येई. पाणी, तांदूळ, सुके मासे आणि भरलेली पॉवर बँक देई, आणि रिकामी झालेली घेऊन जाई. तेवढ्या विजेवर आठवड्यातून एकदा घरी मनासारखे बोलता येई.

पहिले काही दिवस तो तिघांचा डाव मांडायचा. टेबलावर तीन कप ठेवायचा. होविटोच्या वाट्याची पाने उचलून होविटोसारखा बोलायचा आणि मानोंगचे पान टाकायची वेळ आली की रागावून म्हणायचा, "टाका की मानोंग, किती वेळ लावता." मला भीती वाटू लागली. एके दिवशी मधूनच त्याने पाने गोळा केली, मला खणात कोंबले, आणि नंतर नऊ आठवडे मी अंधारात होतो. त्या दिवसांत तो भात शिजवायचा सोडून बिस्किटांवर राहू लागला. दिवसासुद्धा झोपायचा. बोट आली तरी दोर टाकायला त्याला हाका माराव्या लागत.

माझ्या डोक्यावरच्या बिछान्यात बसून तो फोनवर बोलायचा. एका बुधवारी रोवेना म्हणाली, "ताय, आज काय केलंत?" तिकडे वडिलांना ताय म्हणतात आणि लाडक्या मुलीला इंदाय.

"काही नाही, इंदाय."

"काल?"

"कालही काही नाही. मी ठीक आहे."

रोवेनाने विषय बदलला. मग म्हणाली, "माझ्या वाढदिवसाचा खेळ कुठाय?"

त्याला सांगावेच लागले. "आम्ही उघडला. तिघं खेळलो. रागावलीस?"

"हो. पण आता उघडलाच आहे तर खेळा."

"एकटा कसा खेळू?"

"नियमांच्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचलंत?"

"नाही."

"कोणीच वाचत नाही. वाचा. आणि दर बुधवारी मला सांगायचं, किती डाव, कुठल्या दरीपर्यंत. खोटं सांगितलं तर मला कळतं."

ते शेवटचे पान माझेच होते, तरी तोवर ते कोणी वाचले नव्हते. एकट्याने खेळायचे असेल तर इतर खेळाडूंच्या जागी धुक्याची पाने येतात. प्रत्येक खेपेला एक पान उलटायचे आणि त्यावर जेवढा आकडा असेल तेवढी घरे धुके पुढे सरकते. ते कधी चुकत नाही, आपल्याला दया दाखवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला तो डाव मांडू लागला. आधी दाढी करायचा. डावाला बसायचे तर पोटात काही हवे, म्हणून भात शिजू लागला. निकाल तो जहाजाच्या नोंदवहीत लिहायचा, वाऱ्याच्या दिशेखाली: "तिसरी दरी. हरलो." तो सलग एकतीस डाव हरला. गावी रोवेनाने माझा पट ऐकून ऐकून कागदावर काढला होता.

"ताय, तुमच्या गठ्ठ्यात थकलेली पावलं अजून किती आहेत?"

"पाचही आहेत."

"शेकोटीपाशी थांबून टाकत का नाही?"

"सुरुवातीपासून सोबत आहेत ती."

"ती पानं आहेत, ताय. माणसं नाहीत."

फोन ठेवल्यावर वेन्सेस टेबलाकडे गेला. होविटोचा आणि मानोंगचा कप अजून तिथेच होता, तळाशी कॉफी वाळलेली. दोन्ही कप त्याने नीट घासले, पुसले आणि कपाटात ठेवले.

वर्षाच्या अखेरीस वादळ आले. भर दुपारी नांगर घसरू लागला आणि जहाज खडकांकडे ओढले जाऊ लागले. दुसरा नांगर सोडायला एरवी तीन माणसे लागतात. वेन्सेस कमरेला दोर बांधून एकटा नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, गेला. नांगराच्या साखळीचा गंजलेला ब्रेक त्याने हातोड्याने ठोकून ठोकून मोकळा केला. साखळी सुटल्याचा आवाज मी खणात ऐकला. नंतर खिडकीची काच फुटली, आत घुसलेल्या लाटेने खण उघडला, आणि मी पाण्यात होतो.

तो परत आला तेव्हा माझी पाने खोलीभर तरंगत होती. जहाज वाचले होते. तो दारात बसला आणि रडला. त्या जहाजावर त्याला रडताना मी तेवढे एकदाच पाहिले. मग उठून त्याने एकेक पान वेचले. चार दिवस त्याने मला डेकवर उन्हात वाळत घातले, प्रत्येक पानावर इंजिनातला एकेक नट वजनाला ठेवून. वारा फिरला की तो धावायचा. पाचव्या दिवशी सकाळी दहाला त्याने डाव मांडला. पाने जाड झाली होती, पिसताना अडत होती. धुके दोन घरे मागे असताना तो दिवा घेऊन गावात पोचला.

तो दिवस बुधवारचा होता. "जिंकलो," तो फोनवर म्हणाला.

पलीकडे तिने नाक ओढल्याचे ऐकू आले. मग ती म्हणाली, "पुन्हा मांडा."

एकटेपणाच्या अकराव्या महिन्यात जहाज विकले गेले. वेन्सेसने मला शर्टात गुंडाळून घरी आणले आणि दोन्ही हातांनी रोवेनाला दिले. ती आता चौदा वर्षांची, त्याच्या खांद्याला लागत होती. तिने पाने हुंगली. त्यांना मिठाचा आणि डिझेलचा वास होता. दोघे एकदा खेळायला बसले, पण तिसऱ्याच खेपेला वेन्सेसने हातातली पाने खाली ठेवली आणि तो उठून अंगणात गेला. तिने मला आवरून कपाटावर ठेवले. मी तिथे दोन वर्षे होतो. माझ्यावर तांदळाच्या रिकाम्या गोण्या आल्या, मग जुने पंखे आले. मी तक्रार करत नाही. काही जखमांवर हवा लागू द्यायची नसते.

मग एक फोन आला. खलाशांची विचारपूस करणाऱ्या पुरिता नावाच्या बाईंचा. आणखी एका बंदरात आणखी एक बोट अडकली होती आणि तिच्यावर एक बर्मी माणूस एकटा होता. "तो कोणाशी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलाल?"

संध्याकाळी स्टूल घेऊन वेन्सेसने मला स्वतःच खाली काढले. तीन दिवस बसून त्याने शेवटच्या पानावरचे नियम चित्रांत काढले, कारण त्या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हते.

रोवेना दारात उभी राहून बघत होती. "माझा खेळ आहे. मला विचारलंत?"

"आत्ता विचारतोय."

"पाठवा," ती म्हणाली. "पण दर बुधवारी तुम्ही स्वतः फोन करायचा. पुरिताबाईंवर ढकलायचं नाही."

म्हणून आज मी त्या दुसऱ्या बोटीवर आहे. इथल्या माणसाचे नाव थेट नाइंग. दोन आठवडे त्याने मला उघडले नाही. मग चित्रे पाहू लागला. काल बुधवार होता. जहाजावरच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो फोनवर म्हणाला, "हरलो."

"कितवी दरी?" वेन्सेसने विचारले.

"दुसरी."

"मला दुसरी गाठायला आठवडा लागला होता. कुठं अडकलास, ते सांग." आणि थेट नाइंग सांगू लागला. बराच वेळ सांगत राहिला.

मित्रांनो, पाने हरवू नका, ओल्या हातांनी पिसू नका, असे कोणताही खेळ सांगेल. मीही सांगतो. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या ओळखीचे कोणी एकटे पडले असेल तर त्याला नुसते कसा आहेस म्हणून विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी "ठीक" असेच येते. आज काय केलेस, कुठवर पोचलास, कुठे अडकलास, असे विचारा. आणि त्याचे सांगून होईपर्यंत फोन ठेवू नका.