घरच्या मुलीचं माप

माझी बायको भागीरथी गेल्याचं मला दुकानात कळलं. १९५८ सालचा जून होता. शाळा उघडायला तीन दिवस राहिले होते आणि चिकपेटेतल्या माझ्या दुकानात निळ्या कापडाचे ढीग पडले होते. जवळच्या कन्नड प्राथमिक शाळेतल्या मुलींचे परकर-पोलकी दरवर्षी मीच शिवतो. शेजारच्या अंबुबाई येऊन पायरीखाली उभ्या राहिल्या. त्या कधी दुकानावर येत नसत.

"गुंडोजी, मशीन थांबवा," त्या म्हणाल्या.

"एवढी टीप होऊ दे, अक्का."

टीप पुरी केली, दोरा तोडला, मग वर पाहिलं. त्या काय बोलल्या ते आता नीट आठवत नाही. टीप सरळ आली होती, एवढं आठवतं.

भागीरथी संक्रांतीपासून खोकत होती. मी विचारलं की म्हणायची, धूळ आहे, कापडाचा कचरा आहे. एप्रिलपासून माझं शाळेचं काम सुरू झालं आणि मग मी विचारणंही सोडलं. शेवटी तिला रक्त पडलं तेव्हा क्षयाच्या हॉस्पिटलात नेलं. तिथं ती चार दिवस होती.

ती गेली त्या दिवशी कागदावर सही करायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोण आहे?"

"मी आणि मुलगी. आठ वर्षांची आहे."

"दोघांची छाती तपासून घ्या. मुलीची आधी."

मी 'सरी', म्हणजे बरं, म्हणालो. जुलैमध्ये अहल्येला घेऊन गेलोही. हॉस्पिटलच्या फाटकाशी आल्यावर तिनं गज धरले ते सोडीना. रडली नाही, ओरडली नाही, नुसते गज धरून उभी राहिली. मी बोटं सोडवायला गेलो तर तिच्या हातावर वळ उठले. तिला तिथंच फुलवालीपाशी बसवून मी एकटा आत गेलो. माझी छाती स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, मुलगी कुठं आहे? म्हटलं, पुढच्या खेपेला आणतो. दसरा झाल्यावर आणू असं मनात धरलं. घरी येताना ती म्हणाली, "अप्पा, मला काही होत नाही." मला तेच ऐकायचं होतं.

आमच्या घरात एक रीत आहे. माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता तेव्हा वडिलांनी दिवाळीच्या सदऱ्यासाठी त्याचं माप घेतलं. सदऱ्याला काजं व्हायच्या आत तो देवीच्या साथीत गेला. तेव्हापासून आमच्यात घरच्या मुलाच्या अंगाला टेप लावत नाहीत. जुना कपडा घ्यायचा, टेबलावर पसरायचा, त्यावरून नवा बेतायचा. किती वाढवायचं ते आई सांगते. भागीरथी बोटांनी दाखवायची, यंदा दोन बोटं, यंदा तीन. माझ्या मापाच्या वहीत शाळेच्या दोनशे मुली आहेत. कोणाचा खांदा उतरता आहे, कोणाचा एक हात अर्धा इंच लांब आहे, ते मी वही न उघडता सांगतो. अहल्येचं नाव त्या वहीत नाही.

त्या वर्षी सांगायला भागीरथी नव्हती. तिसरीचा गणवेश मी अंदाजानं दोन इंच वाढवून शिवला. तो अंगात सैल झाला. वाटलं, भरेल. आत माया ठेवलीच होती, म्हणजे पुढं उसवून मोठं करता यावं म्हणून शिलाईत दाबलेलं जास्तीचं कापड. आम्ही मोठं करायचीच तयारी ठेवतो. दसऱ्याला पोलकं शिवलं, तेही सैल. मी उसवलं आणि आत घेतलं. बायको गेल्यापासून आपला हात बिघडला, असं मी धरून चाललो. गिऱ्हाइकांचे कपडे तर नीट बसत होते. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अंबुबाई दुपारी तिला सांभाळायच्या. त्या म्हणायच्या, "आईविना पोर सुकणारच. भातावर तूप घाला." मी तूप घालत होतो.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळेचं प्रगतिपुस्तक आलं. कन्नड मी दिवसभर बोलतो, पण मला ते वाचता येत नाही. वडिलांनी घरी मराठी अक्षरं शिकवली, तेवढीच येतात. इथल्या आमच्या मराठी लोकांत असे पुष्कळ आहेत. शाळेचा कागद आला की ते मुलालाच पुढं बसवून वाचून घेतात आणि पोरगं वाचतं म्हणून खूश होतात. मीही अहल्येला पुढं बसवलं.

"गणित बेचाळीस," तिनं वाचलं. "कन्नड अडतीस. चित्रकला चांगली."

"आणि खाली हे लाल शाईत काय आहे?"

तिनं पान जवळ घेतलं. "अक्षर सुंदर आहे, असं टीचरनी लिहिलंय."

"एवढ्या तीन ओळी?"

"अक्षराबद्दलच आहे सगळं."

मी सही केली. दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना सांगितलं की आमच्या अहल्येच्या अक्षराचं टीचरनी लिहून कौतुक केलंय.

संक्रांतीनंतर पुन्हा पुस्तक आलं. या वेळी लाल ओळी पाच होत्या. मी चेष्टेनं म्हटलं, "काय गं, टीचरबाईंची शाई संपवलीस की." ती हसली आणि हसता हसता खोकली, तोंड परकरात दाबून. पान उलटताना तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. मी बांगड्यांकडे पाहिलं. चुकून मोठ्या घेतल्या, असं मनात म्हटलं आणि सही केली.

फेब्रुवारीत मी काजं-बटणांसाठी माणूस ठेवला. शिवाप्पा नाव, बेळगावकडचा, दोन्ही भाषा लिहिणारा-वाचणारा, आणि तोंडानं फटकळ. एकदा अहल्या डबा द्यायला आली आणि गेली. तो तिच्या पाठीकडे बघत म्हणाला, "अण्णा, हा परकर समोरच्या शिंप्यानं शिवला काय?"

"का?"

"त्यात आणखी एक पोरगी मावेल. आपल्या दुकानाचं नाव जाईल."

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं सुई पुन्हा ओवायला घेतली.

मार्चच्या शेवटी शाळेचा शिपाई थेट दुकानात आला. प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "लक्ष्मीदेवी टीचरनी तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय. मुलीजवळ द्यायचं नाही म्हणाल्या." मी एक कोट बेतत होतो, हातात कात्री होती. शिवाप्पाला म्हटलं, "वाच रे, किती मार्क आहेत ते."

त्यानं मोठ्यानं सुरुवात केली. गणित वीस. कन्नड अठरा. मग त्याचा आवाज खाली आला. त्यानं मागची पानं उलटली, पुन्हा पुढं आला.

"अण्णा, या दोन सह्या तुमच्या?"

"माझ्याच."

"मग गेला का नाहीत?"

"कुठं?"

"शाळेत. हे बघा. ऑक्टोबर. मुलगी वर्गात झोपते, खोकते, वजन घटलं आहे, पालकांनी येऊन भेटावं. जानेवारी. खोकला वाढला आहे, डॉक्टरांना दाखवलं का, पालक आले नाहीत, आईच्या आजाराबद्दल कळलं आहे, उशीर करू नये. आणि तुमची सही आहे ना, तिच्या वरच्या ओळीत छापलंय, वरील मजकूर वाचला."

"वजन किती आहे?"

त्यानं बोट ठेवून वाचलं. "जूनमध्ये एक्केचाळीस पौंड. मग एकोणचाळीस. मग छत्तीस. आता चौतीस."

कोटाचं कापड तसंच टाकून मी शाळेत गेलो. चौकातल्या गर्दीतून चालताना मला प्रत्येक मुलीच्या अंगातला परकर दिसत होता. सगळे नीट बसले होते.

लक्ष्मीदेवी टीचर पन्नाशीच्या आसपासच्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही शिंपी ना?" त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "आमच्या प्रत्येक मुलीचं माप तुमच्या वहीत आहे असं ऐकते."

"आहे."

"हिचं आहे?"

मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लपवताय. क्षयाचं नाव निघालं की दुकानावर कोण येणार, म्हणून. असे लोक मी पाहिलेत. सही बघून मला तेच वाटलं. मी आधीच माणूस पाठवायला हवा होता."

"मला वाचता येत नाही, टीचर."

"हे तुम्ही जूनमध्ये येऊन सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतं."

अहल्येला वर्गातून बोलावलं. परत येताना तिला कळलं होतं.

"खोटं का वाचलंस?" मी विचारलं.

"आईनं सांगितलं होतं. खोकल्याचं अप्पांना सांगायचं नाही, शाळेचं काम आहे. दुकानात तर बोलायचंच नाही, गिऱ्हाइकं जातील."

"ते आईनं स्वतःचं सांगितलं होतं."

"मला वाटलं माझं पण."

थोडं पुढं गेल्यावर तिनं माझा सदरा धरला. "अप्पा, आता मला त्या फाटकातून नेणार?"

"दाखवून परत आणणार."

"आईला पण तुम्ही असंच म्हणाला होतात. मी दाराआड होते."

हे खरं होतं. मी तसंच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला उचलून फाटकातून नेलं. तिनं गज धरले नाहीत. धरले असते तर मला बरं वाटलं असतं, तेवढी ताकद तरी दिसली असती. छातीच्या फोटोत डाव्या बाजूला डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, आता औषधं आहेत, रोज इंजेक्शन घ्यायचं, घरी पडून राहायचं, जूनमध्ये पुन्हा फोटो काढू. मी विचारलं, बरी होईल ना? ते म्हणाले, "जुलैमध्ये आणली असती तर मी हो म्हणालो असतो. आता जूनमध्ये सांगतो." आणि म्हणाले, दर रविवारी तिचं वजन घ्या, छातीचं आणि दंडाचं माप घ्या आणि लिहून आणा. वाढतंय की घटतंय, औषध लागू पडतंय की नाही, ते त्यावरून कळेल. माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघून म्हणाले, "तुम्हाला हे शिकवायला नको."

याला आता तीन आठवडे झाले. पेठेतल्या धान्याच्या दुकानात काट्यावर बसवून तिचं वजन करून आणतो. पहिल्या रविवारी चौतीस होतं, दुसऱ्याला चौतीस, परवा साडेतेहतीस. दुकानातली गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. शिवाप्पा अजून येतो. त्यानं सगळं प्रगतिपुस्तक मला मराठीत लिहून दिलंय आणि रोज संध्याकाळी चार कन्नड अक्षरं शिकवतो. माझं नाव मला आता वाचता येतं.

डॉक्टरांच्या कागदावर वजनाचा रकाना भरला आहे. शाळा जूनमध्ये उघडते. अहल्या भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी खोलीत गेलो की टेपकडे बघते आणि विचारते, "चौथीचा गणवेश कधी बेतणार, अप्पा?" तिला रीत माहीत आहे, म्हणून माप घ्या असं म्हणत नाही. मी मापाच्या वहीत शेवटच्या पानावर तिचं नाव लिहिलंय. तिसऱ्यांदा आलेल्या प्रगतिपुस्तकावर सही करायची आहे. माप अजून घेतलेलं नाही.