पाठमोरा आबा

"लोटूकाका, पाचव्यांदा!"

वृषाली समोर येऊन उभी राहिली, तेव्हा कुठे लोटू अहिरेंना कळलं की आपल्या बोलण्याची वेळ येऊन गेली.

वृषाली गुजरातेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षिका. तिथल्या नाट्यमंडळाचं अहिराणी नाटक तीच बसवत होती. शेवटच्या प्रवेशात मुलगी नोकरीसाठी घर सोडते आणि रागावलेला बाप तिच्याकडे पाठ करून बसतो. ती म्हणते, "आबा, मी जास." थोडं थांबून बापाने, न वळता, म्हणायचं, "पोहचनी का फोन करजो." म्हणजे, पोहोचलीस की फोन कर. तिथेच पडदा.

लोटूकाकांची बत्तीस वर्षं लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेली होती आणि कानही तिथेच गेले होते. खात्यात कोणी कोणाचं ऐकत नसे, सगळे ओठ वाचत. त्यामुळे समोरून बोललेलं त्यांना अजूनही समजे. पाठीमागचं मात्र काहीच नाही. कानातलं यंत्र लावलं की तेच शिटी मारायचं.

"काका, राग मानू नका," वृषाली सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाली. "बापाची भूमिका लक्ष्मणदादांना देऊ का? तुम्ही सरपंच करा. छोटाच आहे."

लोटूकाकांनी सरपंच चार वेळा केला होता. सासरा, डॉक्टर, न्यायाधीश, पोस्टमन, दोनदा प्रेत. एका गुजराती मालिकेत वॉचमन होऊन त्यांनी "साहेब बहार गया छे" एवढं म्हटलं होतं. बाजारात लोक त्यांना "ओ डॉक्टर" म्हणून हाक मारत. नाव कोणालाच ठाऊक नसे. मंडळातल्या चौतीस वर्षांत नाटकाचं शेवटचं वाक्य त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

"चार दिवस दे," ते म्हणाले. "नाही जमलं तर मीच लक्ष्मणला सांगतो."

घरी बायकोने, सरलाबाईंनी, डोक्याला हात लावला. "तुमले ऐकू येत नही, आनि हट्ट कसाले?"

"तू मांगे उभी ऱ्हाय आनि बोल."

त्या पाठीमागे उभ्या राहून बोलल्या, ओरडल्या, शेवटी कंटाळून हातातली पाण्याची कळशी धाडकन खाली ठेवली. लोटूकाका चमकले. फरशीतून तळपायाला हादरा जाणवला होता. खात्यातही असंच व्हायचं. कुठला लूम बंद पडला ते आधी त्यांच्या पायांना कळायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीचं काम करणाऱ्या नीलमला सांगितलं, "बेटा, वाक्य संपलं की ट्रंक खाली ठेव. जरा जोरात." आणि स्वतः चपला काढून बसले. उरलेल्या दिवसांत एकदाही चुकलं नाही. वृषालीने पुन्हा लक्ष्मणचं नाव काढलं नाही.

प्रयोग रविवारी संध्याकाळी सहाला होता. हॉल भरला. शेवटचा प्रवेश सुरू झाला, लोटूकाका पाठ करून बसले आणि तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावर वरातीचा डीजे आला. लाकडी स्टेज थरथरायला लागलं. तळपायांना एकच धडधड. त्यात ट्रंक कुठे आणि काय!

विंगेत वृषाली पुस्तकावर बोट ठेवून उभी होती. तिचे ओठ हलले, पण तिथे अंधार होता. नीलम बोलली असेल का? की अजून बोलायची आहे? अंदाजाने बोलावं, तर मुलीच्या वाक्यावरच आपलं वाक्य पडेल.

लोटूकाका हळूच वळले.

नीलम गोंधळली. तालमीत हे कधी झालंच नव्हतं. ट्रंक तिच्या पायाशी होती. वाक्य म्हणून झालं होतं. बापाचा चेहरा असा अचानक समोर आल्यावर तिला दुसरं काही सुचेना. तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं, या वेळी अगदी हळू.

"आबा... मी जास."

लोटूकाकांनी तिच्या ओठांवरचा शब्द न् शब्द वाचला. मग जितकं थांबायचं होतं, त्याहून थोडं जास्तच थांबले.

"पोहचनी का फोन करजो."

नीलमच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. पडदा पडला.

रंगपटात वृषाली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही वळलात."

"हो. ऐकू आलं नाही."

पुस्तकात 'न वळता' असं लिहिलं होतं. त्यावर तिने पेनने रेघ मारली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षीच्या नाटकात एक मुका म्हातारा आहे. पूर्ण तीन अंक. तुमच्यासाठी ठेवते. संवादाची कटकटच नाही."

लोटूकाका कापसाने कपाळावरचा रंग पुसत होते. त्यांनी तिचे ओठ नीट पाहिले, हसले.

"मुक्याला ऐकू येतं, बेटा. माझं उलटं आहे. मला बोलणारा दे."

आणि आरशाकडे वळून ते राहिलेला रंग पुसू लागले.